दुसरी मात्रा

तेराव्या थेंबालाही पाणी निळंच राहिलं, तेव्हा अजेयने काचेची कुपी खिडकीपाशी नेली आणि डोळे बारीक करून पाहिली. निळंच होतं. चौदाव्याला हिरवट झाक आली आणि पंधराव्याला कुठे ते पिवळं पडलं. आठ-नऊ थेंबांत जे व्हायला हवं, त्याला आज पंधरा लागले होते.

"काय म्हणतं तुझं पाणी?" वडिलांनी आरामखुर्चीतून विचारलं. नारायणराव त्यांचं नाव, पण घरात सगळे त्यांना नानाच म्हणत.

"बिघडलंय, नाना."

"पाणी कसं बिघडेल? एवढं मीठ घातलंय त्यात, लोणचंसुद्धा टिकतं," असं म्हणून नाना आपल्याच विनोदावर खुर्ची हलेपर्यंत हसले.

धारसारख्या गावात, जिथून समुद्र बघायचा तर घाट उतरून अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, तिथे दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची हौस अजेयचीच. लग्नाआधीची. फिल्टरचं पाणी, पुडक्यातलं समुद्री मीठ, दगडांवर चिकटवलेली जिवंत प्रवाळं आणि दोन नारिंगी मासे. पुढे नोकरी देवासला लागली, प्रियांका आली, चिऊ झाली. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात माणसंच जेमतेम मावत होती, टाकी कुठे मावणार? ती धारलाच राहिली आणि नानांच्या गळ्यात पडली. सुरुवातीला त्यांनी भरपूर कुरकुर केली. मग असे काही गुंतले की फोनवर नातीची चौकशी नंतर आणि माशांची खबरबात आधी.

पण आज टाकीची रया गेली होती. प्रवाळ दिसतं दगडासारखं, तरी असतो तो जीव, आणि पाण्यातला क्षार नि कॅल्शियम घेऊन तो आपलं हाड वाढवतो. समुद्रात ते फुकट मिळतं, टाकीत मात्र रोज घालावं लागतं. एका बाटलीत सोड्याचं पाणी, दुसरीत कॅल्शियमचं, दोन्हींतून वीस-वीस मिली. कमी पडलं तर प्रवाळ खंगतं आणि जास्त झालं तर टोकांपासून जळत येतं. कुपीत थेंब जितके जास्त लागतील, तितका पाण्यात क्षार जास्त. अजेयची लाडकी फांदी, जिला आई 'पोवळ्याचं झाड' म्हणायची, टोकाटोकाला पांढरी पडली होती. कातडी जाऊन खालचं हाड उघडं पडावं, तशी.

त्याने पंप बाहेर काढला. त्याच्यावर चुन्याचा जाड थर चढला होता. नखाने खरवडला तर खपलीसारखा निघाला.

"पाणी तपासायचं किट जुनं झालं असेल म्हणून नवीन मागवलं, नाना. सील आत्ता तुमच्यासमोर तोडलं ना मी? फिर भी तेच." त्याने भिंगाच्या नळीतून पाण्याचा खारटपणाही पाहिला. तो बरोबर होता. म्हणजे उन्हाने पाणी आटून सगळं दाट झालं, असंही नव्हतं. "रोज किती टाकता तुम्ही?"

"वीस आणि वीस." नाना खुर्चीत ताठ बसले. "आधी सोडा, मग हात धुऊन दुसरं. दोन्ही एकत्र होऊ देत नाही. पीथमपुरला जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली रे भिया, मला काय वीस मिली मोजता येत नाही?"

ते खरंच होतं. नाना कारखान्यात मोजमापाच्या खात्यात होते. पहाटेची शिफ्टची बस त्यांची कधी चुकली नाही की हातातलं माप कधी हललं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातला दिवसही तसाच बांधून घेतला. आंघोळ, मग देवपूजा, पूजा झाली की टाकी, टाकी झाली की आईची इन्सुलिनची सुई आणि मग पोहे. एकातून दुसरं निघायचं. आईला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. तिला स्वतःला टोचून घेणं कधी जमलं नाही, हात कापायचा. नानांच्या हातची सुई मात्र लागतसुद्धा नाही, असं ती अख्ख्या आळीत सांगत असे. दिवसातून एकदाच द्यायची, सकाळी.

अजेयने कपाटातून दोन्ही बाटल्या काढल्या. मागच्या खेपेला त्यानेच त्या गळ्यापर्यंत भरून ठेवल्या होत्या. महिन्याभरात जेमतेम निम्म्यावर यायला हव्या होत्या. दोन्हींचा तळ दिसत होता.

बाटल्या घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून कैऱ्या चिरत होती. ती पूर्वी कधी बसून चिरत नसे. महिन्याभरात तिचा चेहरा सुजल्यासारखा भरला होता आणि कोपरावर जुन्या मुक्या माराचा हिरवा-पिवळा डाग होता.

"आई, हे काय लागलं?"

"न्हाणीघरात पाय घसरला. तुझं बघ तू."

"बाटल्या संपल्यात. कामवाली बाई सांडते का? की नाना जास्त ओततात?"

"मला काय ठाऊक रे तुझ्या बाटल्यांचं?" आईची सुरी थांबली नाही. "जरा जास्त पडलं असेल. माशांवर जीव आहे त्यांचा, वाटलं असेल, खाऊ देत पोटभर. तू नको आता त्यांच्या मागे लागू. जेवायला बसा."

अजेयलाही तेच पटलं. आजोबा नातवाला चोरून मिठाई देतात, तसा प्रकार. नानांना समजावून सांगायचं, बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं, थोडं थोडं करून पाणी बदलायचं आणि संध्याकाळच्या बसने परत देवास गाठायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. एकदम जोर लावून क्षार खाली आणला तर उरलंसुरलं प्रवाळही मरेल, एवढंच त्याला जपायचं होतं.

दुपारी वीज गेली. वैशाखातली दुपार, पंखा बंद, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. टाकीचा पंप बॅटरीवर घरघरत होता. जेवून अजेय दिवाणखान्यातच सतरंजीवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

जागा झाला तो घंटेच्या आवाजाने. देवघरातली घंटा होती. आधी त्याला वाटलं, सकाळ झाली आणि आपली बस चुकली. मग घामाने भिजलेला शर्ट पाठीला चिकटलेला जाणवला आणि दुपारच आहे हे लक्षात आलं. उकाड्याने हैराण होऊन नानांनी पुन्हा आंघोळ केली असावी. धुतलेलं धोतर नेसून, ओल्या केसांनी ते देवापुढे बसले होते. सकाळी वाहिलेली जास्वंद अजून टवटवीत होती. ती त्यांनी उचलून निर्माल्यात टाकली आणि परडीतलं दुसरं फूल वाहिलं. ओठ हलत होते, आणि त्यांचा चेहरा सकाळी असतो तसाच शांत, ताजा होता.

मग ते उठले आणि टाकीपाशी आले. सतरंजीवरचा मुलगा त्यांना दिसला, ते त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. "उठलास? आज बराच वेळ झोपलास रे. थांब, एवढं आटोपतो, मग पोहे खाऊ." सिरिंज भरली. उजेडात धरून एक टिचकी मारली, बुडबुडा घालवला. वीस. हात धुतले. पुन्हा भरली. वीस. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

सापडलं, असं अजेयला वाटलं आणि तो चक्क खूश झाला. कोडं सुटल्यावर माणूस होतो तसा. कामवाली नाही, किट नाही, मीठ नाही. दोनदा आंघोळ म्हणून दोनदा पूजा, दोनदा पूजा म्हणून दोनदा मात्रा. बाटल्यांचा हिशेब जुळला, पंधरा थेंबांचा जुळला, पंपावरच्या चुन्याचाही जुळला. प्रियांकाला फोन करून सांगावं, ती पोट धरून हसेल, असं म्हणत त्याने मोबाईल हातात घेतला.

आणि आतून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

टाकी झाली की सुई.

तो उठला, सतरंजीत पाय अडकून गुडघ्यावर आपटला, पुन्हा उठला. आईच्या खोलीच्या दारात पोचला तेव्हा नाना इन्सुलिनच्या पेनाला टोपण लावत बाहेर येत होते.

"लागलं नाही ना गं?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"छे," आतून आई म्हणाली.

नाना गेले. आई पलंगाच्या कडेला बसून पोटावरचा पदर सारखा करत होती. उशाखालून तिने एक स्टीलची डबी काढली होती आणि तिच्या तोंडात गुळाचा खडा होता. अजेयला पाहून तिने डबी पदराखाली घेतली. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलाने घ्यावी, तशी.

"आई, सकाळी दिली होती त्यांनी."

"हळू बोल."

"सकाळी दिली होती! माझ्यासमोर!"

"माहीत आहे मला. मलाच दिली होती ना?" तिने खडा गिळला आणि दुसरा घेतला. "आत्ता नाही उतरत साखर. संध्याकाळनंतर उतरते, पहाटे जास्त. मी आधीपासूनच खात राहते. सवय झालीय आता."

"कधीपासून?"

"ऊन वाढलं तसं. दुपारी दुसरी आंघोळ करायला लागले ना, तेव्हापासून. रोज नाही रे होत. ज्या दिवशी अंगावर पाणी घेतील त्या दिवशी."

अजेय पुढे वाकला. त्याने तिचं कोपर उलटं करून तो डाग पाहिला. "न्हाणीघरात पाय घसरला नव्हता."

आईने कोपर सोडवून घेतलं.

"मरशील अशानं! कळतंय का तुला? झोपेतच जाशील एखाद्या पहाटे! नाही नाही म्हणून ओरडायचं, पेन लपवायचं, मला फोन करायचा..."

"लपवून पाहिलं. अख्खं घर उपसलं त्यांनी. मला वेळेवर सुई मिळाली नाही म्हणून रडकुंडीला आले. 'दिलीय' म्हटलं तर म्हणतात, अजून पोहे कुठे खाल्ले मी? आणि तुला सांगून काय केलं असतंस? देवासला नेलं असतंस आम्हाला. तुझ्या दोन खोल्यांत हे सबंध दिवस भिंतीकडे बघत बसले असते." तिचा आवाज फुटला आणि तिने तो लगेच आवरला. "अजून हात बघ त्यांचा. जराही हलत नाही."

अजेयला तिचा राग आला, दया आली, आणि या सगळ्याच्या तळाशी नुसती भीती होती. महिनाभर आपण फोनवर माशांची खबर विचारत होतो आणि ती पलीकडे उशाशी गूळ घेऊन झोपत होती. त्याने तिचं बोट टोचून साखर मोजली. ब्याण्णव. डॉक्टरांना फोन लावला. दर तासाला मोजा, काहीतरी खायला देत राहा, सत्तरच्या खाली गेली तर गोड देऊन थेट दवाखान्यात आणा आणि आज रात्री एकटं सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. फ्रिजमधली सगळी पेनं काढून त्याने डॉक्टरांनी सांगितलं तशी गार पिशवीत घातली आणि पिशवी स्वतःजवळ ठेवली. प्रियांकाला कळवलं की आज येत नाही. पुढच्या तासाला साखर चौऱ्याऐंशी भरली. त्याच्या पुढच्या तासाला अठ्ठ्याहत्तर. आकडा खाली येत होता आणि आई भाकरी-गूळ खात निमूट बसून होती.

उन्हं कलली तेव्हा तो पुन्हा टाकीपाशी आला. काहीतरी करत राहायचं म्हणून त्याने थोडंसं जुनं पाणी उपसून नवं घातलं आणि कुपी भरून थेंब टाकायला लागला. नाना येऊन शेजारी उभे राहिले. तेही मनात थेंब मोजत होते.

"चौदा," अजेय म्हणाला.

"आणि हवेत किती?"

"आठ. नऊ."

नानांनी बाटल्यांकडे पाहिलं, पंपावरच्या पांढऱ्या थराकडे पाहिलं. मोजमापाच्या खात्यातला माणूस तो, त्याला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"अजेय, आईला नको सांगू. मी दोनदा टाकतो का रे?"

अजेयने कुपी उजेडाकडे धरली.

"टाकतच असेन. नाहीतर पाणी खोटं बोलतंय." ते टाकीच्या काचेवर हात टेकून उभे राहिले. "हे मासे आहेत, यांचं कळतं तुला. कुपीत घेतलं, रंग पाहिला, झालं. पण मी हिला सुई देतो ना रे रोज. तिथेही..." त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. अजेयने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बापाला घाबरलेलं पाहिलं. आणि त्याही स्थितीत त्याला थोडं बरं वाटलं. नानांना स्वतःहून उमगलंय. आता बोलता येईल, डॉक्टरांकडे जाता येईल, तिघांनी मिळून काही मार्ग काढता येईल.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. एक हात तिने दाराच्या चौकटीवर टेकला होता.

"काय खलबतं चाललीत बापलेकांची?"

नाना वळले. "इंदू, आज मी तुला सुई किती वेळा दिली?"

"एकदाच. का हो?"

इतक्या सहज म्हणाली की सगळं माहीत असूनही क्षणभर अजेयला ते खरं वाटलं. नानांना मात्र वाटलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तू होतास घरात. तू सांग."

नानांच्या खांद्याआडून आई त्याला मानेने नको, नको म्हणत होती. पण दुपारपासून खाली सरकणारे आकडे अजेयच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"दोनदा, नाना. सकाळी आणि दुपारी. आणि आजच नाही."

नाना हळूच खुर्चीत बसले. खुर्ची मागेपुढे हलत राहिली, ती त्यांनी पायाने थांबवली. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी बायकोला विचारलं. "इंदू, एवढी मोठी गोष्ट! माझ्या हातून तुझ्या जिवाशी... आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," आई म्हणाली.

"कधी?"

"गुढीपाडव्यानंतर सांगितलं. रामनवमीला सांगितलं. न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, तेव्हा तर रात्रभर तेच बोलत होतो आपण. तुम्ही देवाची शपथ घेतलीत."

"मला नाही आठवत."

"दर वेळी तुम्हाला पहिल्यांदाच कळतं हो," आई म्हणाली. "असेच बसता. हेच विचारता. आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ताजेतवाने होऊन येता. म्हणून मग सांगायचं सोडलं. रोज रोज काय तेच करायचं माणसाला."

अजेयच्या हातात कुपी तशीच होती. मघाचं बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं होतं. टाकीत पंप घरघरत होता आणि दोन मासे काचेशी येऊन खाण्याची वाट पाहत होते.

आईने चहाचा ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढून नानांच्या खुर्चीला लावलं आणि बसली. पदराचं टोक तिने डाव्या हातात घेऊन ठेवलं आणि दर वेळेसारखा उजवा हात शपथेसाठी त्यांच्यापुढे धरला.

नानांना अजून रडू आलं नव्हतं.